मडमेचा सुती ड्रेस : शिवला, उसवला, परत शिवला

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे जाऊन ‘ब्रिटिश काळातल्या मडमेचा ड्रेस द्या’ म्हटलं की तो आतून एकच वस्तू काढतो. चकचकीत सॅटिन, बहुतेक गुलाबी नाहीतर मोरपंखी, पाठीला चेन, खाली प्लॅस्टिकच्या कड्यांचा पिंजरा आणि गळ्याला सोनेरी लेस. साल कुठलंही असो, मडम तीच. आमच्या हौशी मंडळाचं नाटक दापोलीत इंग्रजांचा कॅम्प होता त्या दिवसांतलं, म्हणजे १८४० च्या आसपासचं, आणि त्यात एका साहेबाची बायको सकाळी बंगल्याच्या पडवीत बसून पत्र लिहिते असा प्रवेश आहे. सकाळी, कोकणात, घरात बसून, सॅटिन? आणि तो कड्यांचा पिंजरा तर १८५६ ला आला, त्याच्या आधी नव्हताच. मी म्हटलं राहू दे ते भाडं, मीच शिवते.

माझं रोजचं काम म्हणजे ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म आणि लग्नसराईत ‘ताई उद्याच पाहिजे’वाले. पण जुने कपडे कसे शिवायचे याचं वेड जुनं आहे. आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वेबसाइटवर जुन्या ड्रेसचे फोटो मोठे करून बघता येतात, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचे पण, आणि मी रात्री जेवणं झाली की तेच बघत बसते, लोक सिरीयल बघतात तसं. नवरा म्हणतो कुणाचे जुने कपडे बघतेस गो एवढे. असो.

आधी थोडं जागेबद्दल, कारण बाहेरगावच्यांना दापोली म्हणजे कृषी विद्यापीठ आणि हर्णैचा मासळीबाजार एवढंच माहीत असतं. १८१८ ला पेशवाई गेली आणि इंग्रजांनी इथे फौजेचं ठाणं केलं, हवा थंड म्हणून. जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. चर्चचे अवशेष आहेत, गोऱ्यांच्या जुन्या कबरी आहेत. म्हणजे त्यांच्या बायका इथे राहिल्या, इथल्या पावसात त्यांचे कपडे वाळले नाहीत, त्यांच्या कपड्यांना पण बुरशी आली असणार. त्या काळी साहेबांच्या घरी दर्जी ठेवलेला असायचा, तो पडवीत मांडी घालून दिवसभर शिवायचा, आणि मडम त्याला विलायतेहून आणलेला एक ड्रेस द्यायची की असाच दुसरा कर. फॅशन समुद्रातून यायची. १८३० ला ह्यू लिंडसे नावाची आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि हळूहळू त्या वाटेने टपाल दीड-दोन महिन्यांत यायला लागलं, नाहीतर आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने. म्हणजे इथे बसलेली बाई लंडनच्या मागेच असणार, आणि जुन्या ड्रेसची बाही कापून नवीन करून घेणं हे तिला करावंच लागत असणार. हा मुद्दा पुढे येतोच.

तर कापड. सुती छापील. यात आपला संबंध आहे तो असा की युरोपात छापील सुती कापडाचं वेड लागलं ते मुळात हिंदुस्थानातून गेलेल्या छिटांमुळे, इतकं की तिथल्या लोकरवाल्या-रेशीमवाल्यांनी ओरडा करून १७२१ मध्ये इंग्लंडात छापील सुती कापड वापरायलाच बंदी आणली, ती १७७४ पर्यंत टिकली. मग त्यांनी स्वतःच छापायला घेतलं, १७८३ ला थॉमस बेल नावाच्या माणसाने फिरत्या रुळाने, म्हणजे रोलरने छपाई करायचं पेटंट घेतलं, १८३१ ला छापील कापडावरचा करही गेला, आणि राणी व्हिक्टोरिया गादीवर बसली तेव्हा, १८३७ ला, मोलकरणीलाही एक छापील सुती ड्रेस परवडायला लागला होता. स्वस्त झालं ते नुसत्या यंत्रामुळे नाही, मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, आणि तेच कापड इथे येऊन आपल्या विणकरांच्या पोटावर आलं. ‘कित्ती गोड प्रिंट’ म्हणताना हे माझ्या डोक्यातून जात नाही, तुम्हालाही सांगून ठेवते.

रंग निवडताना एक गोष्ट सोपी झाली. १८५६ ला पर्किनने तो पहिला जांभळा केमिकल रंग काढला, त्याच्या आधीचे रंग म्हणजे मंजिष्ठाच्या जातीतल्या झाडाचे लाल-तपकिरी, नीळ, आणि काही खनिजांचे पिवळे, निळे, खाकी. म्हणजे राणी कलर बाद. चिपळूणला एका दुकानात तपकिरी जमिनीवर बारीक लाल बुट्टीचं कापड मिळालं, एकदम मळखाऊ, दुकानदार म्हणाला हे बायका गाऊनला नेतात, म्हटलं मलाही गाऊनच शिवायचाय. सात मीटर घेतलं. अस्तराला मांजरपाट. दोन्ही रात्रभर पाण्यात टाकून आटवून घेतलं, सुती कापड आधी आटवलं नाही तर नंतर ते आपल्याला आटवतं.

आता शिलाई. आधी एक सांगते की सगळं हाताने शिवलं. हौस म्हणून नाही, तेव्हा घरात मशीन नव्हतीच, एलियास हाऊचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं, घराघरांत यायला त्यापुढे वर्षं गेली. आणि मला बघायचं होतं की हाताने शिवलं की कापड वेगळं वागतं का. वागतं. फार वेगळं वागतं.

पहिली गंमत अशी की सगळीकडे एकच टाका नाहीये. स्कर्टच्या उभ्या शिवणींना नुसता धावदोरा, तोही बऱ्यापैकी लांब टाक्यांचा, कारण तिथे ताण येतच नाही, आणि किनारीला किनार जोडलेली म्हणजे दोरे सुटायचा प्रश्न नाही. अंगाच्या भागाला, म्हणजे बॉडीसला, ताण येतो तिथे उलट टीप. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, बारीक आणि घट्ट. आपण मशीनवर बसलो की सगळीकडे एकसारखी टीप मारत सुटतो, ती पक्की असते पण उसवायला बसलं की जीव जातो, कापड फाटतं पण टीप सुटत नाही. त्या जुन्या स्कर्टची शिवण मात्र एक दोरा कापून ओढला की सर्रकन् मोकळी. हे शिवतानाच कळतं की ज्याने शिवलं त्याला माहीत होतं की हे कधीतरी उसवायचंय.

बॉडीसचं असं की आधी मांजरपाटाचं अस्तर अंगावर नीट बसवायचं, ब्लाऊजला घालतो तसे टक्स घालून, मग वरचं कापड त्यावर ठेवून दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवायचं. पुढच्या बाजूला मात्र वरच्या कापडाला टक्स नाहीत. तिथे कापड जास्त घेतात, खांद्याजवळ चुण्या आणि कमरेत मध्यभागी परत चुण्या, त्यामुळे छातीवर पंख्यासारख्या दुमडी दिसतात. १८४० च्या दशकातली ही खास ओळख. आतलं अस्तर घट्ट, वरचं सैलसर, त्यामुळे बाई सडपातळही दिसते आणि कापड ओढलेलंही दिसत नाही, मला हे डिझाइन फार हुशार वाटतं, आपल्या ब्लाऊजच्या कटोरी पॅटर्नपेक्षा तर नक्कीच. कंबर पुढे टोकदार खाली उतरते. टक्सच्या जागी आत देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालायचे, आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून केबल टाय आणले, टोकं मेणबत्तीवर गोल करून घेतली, हर्णै जवळ असलं म्हणून काय देवमासा मिळतो काय.

खांद्याची शिवण खांद्यावर नसते, मागे सरकलेली असते. मुंढा खाली उतरलेला. बाही घट्ट आणि उरेब, म्हणजे तिरक्या धरलेल्या कापडात कापलेली, म्हणजे कोपरात वाकते पण हात काही खांद्याच्या वर जात नाही. हे मला फोटोत कधी कळलं नसतं. माझ्या भाचीने घालून बघितला आणि म्हणाली मावशी मला केस बांधता येत नाहीयेत. दिग्दर्शकाला तिने खिडकीचं वरचं झडप उघडताना पाहिजे होती, तो म्हणाला बाही सैल कर. मी म्हटलं बाही सैल होणार नाही, ही बाई झडप स्वतः उघडणारच नाही, नोकराला हाक मारेल. आणि तसंच बसवलं, प्रवेश उलट चांगला झाला.

पायपिंग, म्हणजे आपला गोट, हा या ड्रेसचा कणा आहे असं माझं मत झालंय. गळा, मुंढा, कमरेची कड, पाठीच्या वळणाच्या शिवणी, सगळीकडे बारीक दोरा घातलेली उरेब पट्टी. मला वाटायचं ही शोभा. पण कड ताणली जाऊन पसरू नये, झीज आधी गोटावर व्हावी आणि मूळ कापड वाचावं, हे त्याचं खरं काम. आणि कमरेच्या गोटाचं अजून एक काम आहे, स्कर्ट त्यालाच टांगायचा असतो.

त्या स्कर्टकडे येते, कारण खरी मजा इथे आहे. स्कर्टला कळ्या नाहीत. तिरके काप नाहीत. सरळ पन्हेच्या पन्हे, म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीचे तुकडे, जोडलेले, वर पण तेवढाच घेर आणि खाली पण तेवढाच. तेव्हाच्या छापील कापडाचा पन्हा लहान, साधारण २४ ते ३० इंच, म्हणजे २७ धरला तर पाच पन्हे जोडले की १३५ इंच घेर. माझं कापड ४४ पन्ह्याचं म्हणून तिनात काम झालं, १३२. आता हे १३२ इंच कापड २६ इंचाच्या कमरेत बसवायचं कसं? साध्या चुण्या घातल्या तर कमरेवर बोळा होतो. मग ते काय करायचे, वरची कड आत दुमडायची, आणि दुमडीजवळ दोन ओळी धावदोऱ्याच्या, एकाखाली एक, टाके अगदी तंतोतंत जुळलेले, बुट्टी मोजून नाहीतर खूण करून. मग दोन्ही दोरे एकदम ओढायचे. कापड बाजाच्या भात्यासारखं मिटतं, बारीक उभ्या नळ्या होतात, आणि प्रत्येक नळीचं फक्त एक टोक कमरेच्या गोटाला एक-दोन टाक्यांनी शिवायचं. बस. एवढ्या बारीक टाक्यांवर अख्खा स्कर्ट लटकलेला असतो, आणि पडत नाही, कारण वजन सगळ्या टाक्यांवर वाटलं जातं. नळ्या कमरेतून आधी बाहेर येतात आणि मग खाली पडतात, त्यामुळे घेर आपोआप फुलतो.

आणि ती वरची आत दुमडलेली कड, ती कापत नाहीत. मी फोटोत बघितलं होतं, पुढच्या टोकाजवळ तर आत कापडाचा चांगला मोठा पट्टा नुसता लोंबत सोडलेला असतो. पहिल्यांदा वाटतं हा गबाळेपणा, कापून टाकायला काय झालं होतं. नाही हो, ती ठेव आहे. माझ्या अंजर्ल्याच्या मावशीला दाखवलं तर ती लगेच म्हणाली, ‘अगो आमच्या परकराला नव्हते का टक घालत!’ तिच्या लहानपणी परकर शिवला की खाली आडवे दोन-तीन टक घालून ठेवायचे, जून महिन्यात शाळा सुरू झाली की एक टक उसवायचा, परकर पोरीबरोबर वाढायचा. फक्त टक उसवला की तिथे न विटलेल्या रंगाचा पट्टा दिसायचा आणि शाळेत सगळ्यांना कळायचं की परकर गेल्या वर्षीचा आहे. या ड्रेसमध्ये लांबी वरून सोडतात, त्यामुळे जुन्या दुमडीची रेघ कमरेखाली त्या नळ्यांमध्येच लपून जाते. मावशीला हे इतकं पटलं की तिने दोनदा ‘वरून सोडायचं, वरून’ असं स्वतःशीच म्हटलं.

घेर फुगायला खाली पिंजरा नाही म्हटलं ना, मग पेटीकोट. एकावर एक. एकात आडव्या दोऱ्या शिवून घेतल्या आणि तांदळाची कडक खळ दिली, भाताची पेज आमच्याकडे रोजचीच. एप्रिलमध्ये प्रयोग होता म्हणून टिकली, हेच जुलैत केलं असतं तर खळ हवेतलं पाणी पिऊन मऊ पडली असती आणि वर कसर, झुरळं. हुक मी पितळी शोधत होते, मिळाले ते लोखंडी, पॉलिश केलेले. आपल्या हवेत लोखंडी हुक म्हणजे एका पावसाळ्यात कापडावर तांबडा डाग, म्हणून प्रयोग झाला की हुकांखाली कागद घालून ठेवते. ड्रेस पाठीमागे बंद होतो हे सांगायचं राहिलं, हुक सगळे पाठीला, म्हणजे घालायला दुसरी बाई लागतेच.

तर असा पहिला ड्रेस झाला, भाचीच्या मापाचा. प्रयोग झाले, लोकांना मडम आवडली, आणि पुढच्या वर्षी भाची शिकायला पुण्याला गेली.

इथून दुसरा भाग. म्युझियममधल्या त्या ड्रेसच्या माहितीत वारंवार ‘नंतर बदल केलेला’ अशा अर्थाची ओळ असते. आधी मला ती वाचून वाईट वाटायचं, की अस्सल माल बिघडवला कुणीतरी. पण थोडं वाचलं आणि फोटो मोठे करून बघितले की बदल वाचता येतात. १८३० च्या दशकात बाह्या प्रचंड फुगलेल्या असायच्या, वरच्या बाजूला उशीएवढ्या, आणि १८३६ च्या सुमाराला ती फॅशन एकदम कोसळली. आता प्रत्येक बाईच्या पेटीत फुगीर बाहीचे ड्रेस पडलेले. टाकणार कोण? बाही काढली, नवीन घट्ट बाही त्यातूनच कापली, आणि उरलेल्या कापडातून कंबर लांब करून पुढचं टोक केलं. किंवा फुगा नुसता दंडावर चुण्या घालून दाबून टाकला. जुन्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची ओळ राहते. शिवणीच्या आत कापडाचा रंग गडद असतो, बाहेरचा विटलेला, म्हणजे शिवण कुठे होती आणि कुठे सरकली ते कळतं. बुट्टी उलटी दिसली तर तो तुकडा दुसऱ्या कुठल्या जागेवरून आणलाय. आणि हाताच्या शिवणीत मधेच मशीनची टीप दिसली तर तो बदल १८५० नंतरचा, आणि प्रेस बटण दिसलं तर अजून पुढचा, ते पेटंट १८८५ चं. बरेच ड्रेस नातींनी आज्यांच्या पेटीतून काढून फॅन्सी ड्रेस पार्टीला घातले, तेव्हाची ती कामं, घाईची आणि ढोबळ. त्यांचा मात्र मला अजूनही राग येतो.

गरीब बायकांचे सुती ड्रेस तर आपल्यापर्यंत आलेच नाहीत फारसे. मोठीचा धाकटीला, मग पोरीचा फ्रॉक, मग फडकं, आणि शेवटी चिंधीवाला. तेव्हा कागद चिंध्यांचाच व्हायचा, लाकडाच्या लगद्याचा नंतर आला. म्हणजे कुणाचातरी बुट्टीचा ड्रेस शेवटी वर्तमानपत्र झाला असेल.

आमच्या नाटकात भाचीच्या जागी जी आली ती तिच्याहून उंच आणि अंगाने भरलेली. मंडळातल्या एकाने लगेच सुचवलं की पाठीला इलॅस्टिक लावा, प्रेक्षकांना काय दिसतंय. मी काही बोलले नाही, ड्रेस उचलून घरी आणला.

आणि उसवायला बसले तेव्हा त्या काळच्या शिवणाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. कमरेचे ते बारीक टाके कापले, स्कर्ट अख्खा हातात आला, कापडाला एक ओरखडा नाही. वरच्या दुमडीत चार इंच होतं, त्यातलं अडीच इंच खाली सोडलं, नवीन दुमड घालून परत दोन ओळी. घेर तोच, फक्त नळ्या थोड्या सैल ओढल्या की मोठ्या कमरेत बसतं, एक इंचसुद्धा कापड जोडावं लागत नाही. कळ्यांचा स्कर्ट असता तर संपला असता विषय. पुढचा पन्हा भाचीने पत्र लिहिताना शाई सांडून डागाळला होता, खरी शाई वापरू नका म्हटलं होतं तरी, तो उसवून पाठीमागे नेला आणि मागचा पुढे आणला. हेही तेव्हाचंच, पुढचा भाग विटला की मागे, खालची कड झिजली की पन्हा उलटा.

बॉडीसमध्ये बगलेच्या शिवणीला मी दोन्हीकडे सव्वा-सव्वा इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवली होती, ती सोडली. पण मुंढा मोठा करायचा तर तिथला गोट तोकडा पडतो, मग काखेत खाली उरेब पट्टीचा जोड आणि बगल म्हणतात तो एक छोटा चौकोनी तुकडा घातला, हात खाली असला की दिसत नाही. बाहीला जोड दिला तो आतल्या बाजूने, बुट्टी जुळवून, आणि ती जुळवायला जी संध्याकाळ गेली तिचं मोल कुणीही देणार नाही. उरलेल्या चिंध्या फेकायच्या नसतात त्या यासाठी, त्याच कापडाच्या, त्याच पाण्यातून निघालेल्या. नवीन तुकडा रंगाने ओरडतो.

मला यात राग कशाचा येतो सांगू? माझ्याकडे आठवड्याला एक तरी बाई रेडिमेड कुर्ता नाहीतर ब्लाऊज घेऊन येते की ताई जरा सैल करा, आणि मी उलटं करून बघते तर आत ओव्हरलॉक मारून शिवणीलगत कापड छाटून टाकलेलं. पाव इंच पण नाही. महागाचा, ब्रँडचा, हजार-दीड हजाराचा. मी म्हणते यात काही होणार नाही, तर तिला वाटतं मला येत नाही. मी स्वतः शिवते त्याला एक इंच माया आत ठेवते, आणि शिकायला येणाऱ्या मुलींना पण तेच सांगते, त्या म्हणतात ताई आत जाड लागतं. लागू दे.

यंदा तिसरी मडम. ही आमच्या मंडळातलीच, गेल्या गणपतीत बाळ झालं, आणि तालमीला बाळ घेऊन येते. पाठीला हुक असलेला ड्रेस घालून बाळाला पाजणार कसं? तर १८४० च्या दशकाच्या शेवटी पुढून बंद होणारे ड्रेस वाढत गेले, आणि जुना पाठीचा ड्रेस पुढून उघडा करून घेणं हा बदल पण तेव्हा होत होताच, अंगावर पाजणाऱ्या बाईला तो लागायचाच. मग मी तेच केलं. पाठीची उघडी कड टाके घालून बंद केली, तिथली हुकांची भोकं राहिली ती राहिली. पुढे पंख्याच्या चुण्यांच्या मधोमध कापड आणि अस्तर वरून खालपर्यंत कापलं. कात्री चालवायच्या आधी चहा घेतला. दोन्ही कडांना आतून पट्टी, हुक अशा बेताने की चुण्या त्यावर पडून शिवण दिसू नये, आणि स्कर्टची चीर मध्यावर न ठेवता डाव्या हाताला सरकवली, कमरेच्या टोकाच्या बाजूला, नळ्यांच्या खाचेत. टोकाजवळचा केबल टाय काढून तिथे दोन बारीक घातले, दोन्ही कडांना एकेक. आता ती स्वतःची स्वतः ड्रेस घालते, मागे हुक लावायला कुणाला बोलवावं लागत नाही, आणि विंगेत बसून बाळाला घेते.

बाळंतपणानंतर अंग बदलतंय म्हणून बगलेची शिवण मी तूर्त कच्चीच ठेवलीये, धावदोऱ्याची, प्रयोगाच्या आठवडाभर आधी पक्की करू.

मंडळाने मला बिल मागितलंय, सगळं धरून, तिन्ही वर्षांचं. तेव्हाच्या हिशोबात कापड महाग आणि शिवणारे हात स्वस्त होते, म्हणून तर कापड जपायचे आणि मजुरी सढळ हाताने खर्च करायचे. आता बरोबर उलटं. सात मीटर कापड, मांजरपाट, हुक, दोरा आणि हार्डवेअरवाल्याचे केबल टाय एवढंच मी बिलात लावलंय. हाताच्या शिलाईची मजुरी लावली असती तर मंडळाला यंदा नाटकाऐवजी नुसतं माझ्या ड्रेसचं प्रदर्शनच भरवावं लागलं असतं.